हात लावून बघा

धाकटी पन्नाशीला टेकली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. तिच्या आधी थोरली जन्मली होती, आणि थोरली ते कोणाला विसरू देणारी नव्हती.

धाकटीचा नवरा घड्याळजी. दुकानाच्या पुढच्या भागात काचेमागे बसून, एका डोळ्याला भिंग लावून, तो लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडायचा. मागच्या खोलीत धाकटीचं राज्य. तिथल्या लांब टेबलावर जाड कागदाचे ताव, रिबिनींची रिळं, लेसच्या गुंडाळ्या, मण्यांच्या आणि टिकल्यांच्या बाटल्या, कडेला नक्षी पाडायचे पंच, असा पसारा मांडलेला असे. ती हाताने शुभेच्छापत्रं करायची, भेटवस्तूंना बांधायचे टॅग करायची, आणि भेट घालून द्यायच्या कागदी पिशव्या. कुणाकडे बाळ जन्मलं, कुणी नव्या घरात राहायला गेलं, कुणाला नोकरीतून निरोप द्यायचा असला, की लोक घड्याळजीला ओलांडून मागे येत. तिचा हात सढळ होता. एक फूल पुरेल तिथे ती तीन लावी, मग त्या तिघांना करमावं म्हणून एक फुलपाखरू, आणि फुलपाखराला बसायला रिबिनीचा बो.

थोरली, म्हणजे ताई, शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही. "दिवसभर मुलांनी काढलेले घोडे बघितल्यावर घरी आणखी कुणाला बघायची ताकद उरत नाही," असं म्हणायची. नाकावर माशी बसू देत नसे. दर वाढदिवसाला धाकटी तिला कार्ड करून देई आणि ताई ते लाल पेन्सिलीच्या खुणा करून परत करी. इथे जागा मोकळी सोड. इथे रिबीन कशाला, कार्ड पळून जाणार आहे का? आणि खाली ठरलेला शेरा, अति तिथे माती. धाकटी फुगून बसायची, आठवडाभर बोलायची नाही, आणि पुढच्या वर्षी आणखी एक फूल जास्त लावायची.

मग ताईचे डोळे गेले. आधी कडा गेल्या. शेजारी उभं असलेलं माणूस दिसेनासं झालं, मग फळ्याची दोन्ही टोकं, आणि शेवटी मधलं जे मुठीएवढं उरलं होतं तेही विझलं. डॉक्टरांनी हात टेकले. ताईने शाळा सोडली. घड्याळजी स्वतः जाऊन तिला घेऊन आला. वरच्या मजल्यावर खिडकीशी तिच्यासाठी खुर्ची टाकली, आणि ताई त्या खुर्चीत बसली ती बसलीच.

ती रडली असती, आदळआपट केली असती, तर धाकटीला एक वेळ समजलं असतं. पण ताईच्या तोंडाचा पट्टाच थांबला. उशी नीट आहे का विचारलं की "चालेल." खिडकी उघडू का म्हटलं की "चालेल." ज्या बाईला उभ्या आयुष्यात काही म्हणजे काही चाललं नव्हतं, तिला आता सगळंच चालायला लागलं होतं. एकदा धाकटीने मुद्दाम चहात साखरेऐवजी मीठ घातलं. ताईने एक घोट घेतला, जरा थांबली, आणि उरलेला कप मुकाट्याने संपवला. धाकटी रिकामा कप घेऊन जिन्यात बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

असा वाढदिवस जवळ आला.

"या वर्षी कार्ड काय करू?" तिने नवऱ्याला विचारलं.

घड्याळजी कमी बोलणारा माणूस. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, एक उघडं घड्याळ बाजूला सारलं आणि म्हणाला, "बारीक स्क्रू माझ्या हातातून खाली पडला ना, की मी डोळ्यांनी शोधत नाही. जमिनीवरून हात फिरवतो." आणि पुन्हा भिंग लावून कामाला लागला.

धाकटी दोन दिवस टेबलाशी नुसतीच बसून राहिली. आजवर तिने जे जे चिकटवलं होतं ते चमकायचं म्हणून चिकटवलं होतं. आता तिने डोळे मिटले आणि एकेक बाटली उघडून बोटांनी चाचपायला सुरुवात केली. टिकल्या सगळ्या एकसारख्या लागल्या. चमकी म्हणजे नुसती रेती. पण लेसचं कापड बोटाखाली बोलत होतं, सुतळीला पीळ होता, मखमलीला एका बाजूने ऊब होती आणि दुसऱ्या बाजूने विरोध. तिने एक झाड केलं. खोडाला सुतार वापरतात तो खरखरीत पॉलिश पेपर, फांद्यांना सुतळी, पानांना मखमल, आणि फळं म्हणून जुन्या सदऱ्यांची बटणं.

वाढदिवसाच्या सकाळी तिने कार्ड ताईच्या मांडीवर ठेवलं. ताईने ते हातात घेतलं नाही. "काय करू मी त्याचं?" म्हणाली.

"नुसता हात लाव."

ताईचा हात बराच वेळ खुर्चीच्या दांड्यावरच होता. मग आला. बोटं खोडावर थबकली, फांदीवरून हळूहळू वर गेली, पानापाशी थांबली, मागे फिरली. एका बटणावर बोट टेकलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"झाड आहे," ताई म्हणाली.

"हो."

"खोड बरं जमलंय. पण फळं सगळी एका मापाची? झाडाला लागलीत की कारखान्यातून आलीत? आणि इतकी गर्दी कशाला केलीस? बोट ठेवायला जागा नाही. डोळ्यांना निदान लांबून तरी बघता येतं, बोटाला गर्दीत शिरावं लागतं, कळतं का तुला?"

धाकटीला केवढा आनंद झाला. सुंभ जळला होता, पण पीळ शाबूत होता. ती म्हणाली, "थांब, दुसरं करून आणते," आणि जिना उतरली. खाली घड्याळजीने तिचं ओलं तोंड पाहिलं आणि विचारलं, "आवडलं नाही?"

"मुळीच आवडलं नाही," धाकटी म्हणाली आणि हसत सुटली.

त्या दिवसापासून ताई खाली येऊ लागली. आधी नुसती परीक्षक म्हणून. धाकटीने काही केलं की ते ताईच्या हातात द्यायचं आणि ऐकून घ्यायचं. हे काढ. हे वर घे. हा मणी इथे का बसलाय, वाट चुकलाय का? काही दिवस धाकटीने सगळं ऐकलं आणि एका दुपारी कात्री खाली ठेवली.

"उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, ताई. ये, बस इथे. तू कर."

"मी?" ताई म्हणाली. "मला दिसत नाही."

"ते मला माहीत आहे. बोलता येतं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. हातांचं काय ते बघू."

पहिले काही दिवस नुसता धुमाकूळ होता. गोंद बाहीला लागला, बाही केसांना लागली. पिशवीची दोरी ओवताना छिद्र सापडेना म्हणून ताईने पिशवीच भिरकावली. लेस उलटी चिकटली. एकदा संतापून ती जिन्यापर्यंत गेली, पहिल्या पायरीला ठेच लागली, तशीच परत आली आणि म्हणाली, "ती पिशवी कुठे आहे?"

घड्याळजीने तीन गोष्टी केल्या. लहान लहान खणांची एक पेटी, ज्यात तो घड्याळांचे सुटे भाग ठेवायचा, ती रिकामी करून ताईपुढे ठेवली. एका खणात बटणं, एकात लाकडी मणी, एकात शिंपले, एकात कापसाच्या दोऱ्याचे गोंडे. आणि पोलादी पट्टीला कानसीने खाचा पाडून दिल्या, म्हणजे माप बोटाला कळावं. शिवाय मोडक्या घड्याळांची पितळी चाकं होती, बारीक दात्यांची. ती त्याने वाटीत घालून दिली. "मला उपयोग नाही," म्हणाला.

ताईच्या बोटांना त्या चाकांचं वेड लागलं. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या कार्डावर तिने एकच चाक बसवलं, उजव्या कोपऱ्यात खाली, आणि बाकी कागद कोरा ठेवला. कागद मात्र असा निवडला की त्याच्यावरून हात फिरवला तर तंतू लागावेत. धाकटीला वाटलं, हे अर्धवट आहे. मग तिने डोळे मिटून हात फिरवला. सगळं कसं शांत, शांत, आणि अचानक बोटाखाली ते इवलंसं दातेरी चाक. तिने पुन्हा एकदा हात फिरवला.

रंगाच्या बाबतीत मात्र दोघींची रोज जुंपायची.

"कसला निळा आहे?" ताई विचारायची.

"निळा म्हणजे निळा."

"निळा म्हणजे निळा असं असतं का कधी? शाईचा, आभाळाचा, की नीळ घातलेल्या कपड्याचा?"

धाकटी कागद उजेडात धरायची. "शाईचा. म्हणजे, शाई सांडली, धुतली, आणि डाग राहिला, तसा."

"हं. मग त्याला करडी रिबीन. पांढरी नको, ओरडेल."

ताईच्या डोक्यात सगळे रंग जागच्या जागी होते. आयुष्यभर रंगांबद्दल 'छान' यापलीकडे शब्द न वापरलेली धाकटी आता ओल्या विटेचा, शिळ्या दुधाच्या सायीचा, पारव्याच्या मानेचा असे रंग सांगायला शिकली. आणि ते सांगता सांगता तिला ते पहिल्यांदाच दिसूही लागले.

गावातल्या सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार असल्याचं गिऱ्हाइकांकडून कळलं. पहिल्या क्रमांकाला बाजारातल्या मोठ्या स्टेशनरीवाल्याच्या दर्शनी काचेत वर्षभर जागा मिळणार होती. ताईने हे ऐकलं आणि जाहीर करून टाकलं, "आपण जायचं." धाकटीच मागे सरली. "हात दाखवून अवलक्षण होईल गं," ती म्हणाली.

प्रदर्शनाची संयोजिका दुकानात आली. चांगली बाई होती, मनाने मऊ. तिने माल पाहिला, ताईकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. "मी तुम्हाला अगदी दारासमोरची जागा देते," ती म्हणाली. "आणि वर एक मोठी पाटी लावू. दृष्टी गेली तरी जिद्द गेली नाही, असं काहीतरी. लोक बघा कसे थांबतील."

"लोक माझ्यासाठी थांबतील," ताई म्हणाली, "आणि पिशवी दया म्हणून घेऊन जातील. घरी जाऊन ती कपाटावर टाकतील. नको. कोपऱ्यातली जागा द्या. आणि माझ्या डोळ्यांबद्दल कोणाला एक अक्षर सांगायचं नाही. परीक्षकांना तर नाहीच नाही."

"पण बाई, तुमचं कौतुक..."

"माल वाईट निघाला तर वाईट म्हणू दे. तेवढा मान मला हवा आहे."

संयोजिकेने शब्द दिला. जाताना धाकटीला हळूच म्हणाली, "तुमच्या ताई जरा कडक आहेत, नाही?" धाकटी अभिमानाने म्हणाली, "जरा नाही."

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांना खरंच कोपरा मिळाला. प्रत्येक टेबलावर संयोजकांनी छापील पाटी ठेवली होती, कृपया हात लावू नये. धाकटीने ती वाचून दाखवली तशी ताईने हात पुढे केला, पाटी उलटी करवली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जाड अक्षरांत लिहायला लावलं, हात लावून बघा.

सकाळ वाईट गेली. शेजारच्या टेबलावर सोनेरी कागदाच्या पिशव्यांचा डोंगर होता, दिव्याखाली लखलखणारा. लोक गुळावरच्या माश्यांसारखे तिकडे वळत. त्याच्या बाजूला या दोघींचं टेबल म्हणजे करडं, मातकट, शांत. येणारे एक नजर टाकत आणि पुढे जात. धाकटीच्या पिशवीत चमकीची एक बाटली होती, अडीअडचणीला असावी म्हणून आणलेली. तिचा हात दोनदा तिकडे गेला.

"काय खुडबुड चालली आहे?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"ती बाटली आत ठेव. मला आवाज कळतो."

दुपारच्या सुमाराला एक पाववाला आला. बायकोने पिटाळलं होतं, नणंदेसाठी भेटीची पिशवी आण म्हणून. दिवसभर पीठ मळून त्याचे हात मोठाले झाले होते आणि नाजूक वस्तूंच्या त्या बाजारात ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. खिशात घालून, अंग चोरून तो चालला होता. पाटी वाचून थांबला.

"खरंच लावू?" त्याने विचारलं.

"त्यासाठीच केलंय," ताई म्हणाली.

त्याने एक पिशवी उचलली. तिच्या अंगावर सुतळीची लाट शिवलेली होती आणि लाटेच्या टोकाला एकच शिंपला. त्याचा अंगठा लाटेवरून गेला, शिंपल्यापाशी थांबला, परत सुरुवातीला आला. त्याच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा गेला. "माझी बहीण समुद्राकाठी दिली आहे," तो म्हणाला. मग त्याने दुसरी उचलली. मग मागून येणाऱ्या बाईला म्हणाला, "हे बघा, डोळे मिटून बघा."

तिथून गाडी रुळावर आली. डोळे मिटून उभी असलेली दोन माणसं पाहून तिसरं थांबलं. एका आईने कडेवरच्या पोरीचा हात मखमलीवर ठेवला आणि पोर टेबल सोडेना. सकाळपासून जिथे तिथे हात झटकले गेलेली मुलं झुंडीने आली. ताई प्रत्येकाला हाताखालचं कार्ड कशासाठी आहे ते ओळखायला लावत होती, चुकलं तर खडसावत होती, आणि लोक खडसावून घ्यायला रांगेत उभे होते. सोनेरी पिशव्यांवाला स्वतः आला आणि एक टॅग चाचपत म्हणाला, "माझ्या टेबलापाशी कोणी पाच मिनिटंही थांबत नाही हो." धाकटीला चमकीच्या बाटलीची आठवणही राहिली नाही. तिला दोन हात कमी पडत होते.

परीक्षक तिघे होते. त्यांतला म्हातारा छापखानेवाला सगळ्यात खडूस म्हणून प्रसिद्ध. त्याने पितळी चाकाचं कार्ड घेतलं, सवयीने कागद अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला, आणि तिथेच उभा राहिला. बाकीचे दोघे पुढे गेले तरी तो तिथेच. "कागद कोणी निवडला?" त्याने विचारलं.

"मी," ताई म्हणाली.

"आणि इतकी जागा मोकळी ठेवायची छाती कोणाची?"

"तीही माझी. रंग आणि कापणी हिची. ती नसती तर मी नुसती बोलत राहिले असते."

धाकटीने चमकून ताईकडे पाहिलं. उभ्या जन्मात ताईने तिचं कौतुक केलं नव्हतं, आणि आता केलं ते परक्या माणसापाशी, तेही असं जाता जाता.

संध्याकाळी निकाल लागला. हातच्या काकणाला आरसा कशाला. टेबलावर तोवर विकायला काही उरलंच नव्हतं. तरी छापखानेवाल्याने "पहिला क्रमांक, कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दोघी बहिणी" म्हटलं तेव्हा धाकटीने टेबलाची कड धरली.

"कोपर दे," ताई कुजबुजली. "आणि पायऱ्या आल्या की सांग."

दोघी मंचावर चढल्या. टाळ्या चालू होत्या. छापखानेवाल्याने चषक पुढे केला, आणि ताईने हात पुढे केला तो चषकाच्या वीतभर डावीकडे. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुढच्या रांगेने पाहिलं, मग मागच्या. टाळ्या थांबल्या.

"बाई," छापखानेवाला म्हणाला, आणि त्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून सगळीकडे गेला, "आम्हाला कल्पना नव्हती."

"नव्हती ना?" ताई म्हणाली. "मग द्या."

आधी तो हसला, मग मंचाखालचा पाववाला, आणि मग अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. मागच्या भिंतीशी संयोजिका रुमाल तोंडाला लावून उभी होती. दिलेला शब्द तिने पाळला होता आणि त्यापायी दिवसभर तिचा जीव गुदमरला होता. पुढच्या रांगेत घड्याळजी कधी नव्हे तो जागेवर उभा राहून टाळ्या वाजवत होता, दोन्ही हात डोक्यावर धरून. ताई ताठ उभी होती, शाळेत प्रार्थनेला उभी राहायची तशी, आणि एका हाताने तिने धाकटीचं कोपर असं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे वळ उठले.

घरी जाताना ताईने चषक वरून खालपर्यंत चाचपला. "किती गुळगुळीत," ती म्हणाली. "याला काही म्हणायचंच नाहीये."

काचेतली जागा त्यांना पुढच्याच आठवड्यात मिळाली. पण ताईने तिथे जाऊन काचेवर हात ठेवला आणि स्टेशनरीवाल्याला सांगितलं की ही तर हात लावू नये अशी भलीमोठी पाटीच झाली, हे चालणार नाही. त्याने बरेच आढेवेढे घेतले. शेवटी सुतार बोलावून दुकानाबाहेर, कमरेच्या उंचीवर, एक लांब फळी ठोकून घेतली. त्या फळीवर दोघींची कार्डं मांडलेली असतात. रस्त्याने जाणारी माणसं घाईत असली तरी तिथे पाऊल जरा हळू टाकतात आणि एक हात सोडून देतात.